विश्लेषण : ठुशी घडवण्याचे पुस्तक स्वतः छापले, तर हक्क नेमका कशावर?

कोल्हापूरची ठुशी आणि साज, मोत्यांची नथ, हुपरीचे चांदीचे पैंजण. हे दागिने कसे घडतात याची माहिती कारागिरांच्या हातात भरपूर आहे, छापील मराठीत मात्र फारच थोडी. घरातल्या थोरल्यांकडून धाकट्यांकडे, कारागिराकडून शिकाऊ मुलाकडे ती जात राहिली. २०२५ मध्ये सोने १० ग्रॅममागे एक लाख रुपयांच्या पुढे गेले. त्या भावात सोन्यावर हात बसवणे हौशी शिकणाऱ्याला परवडत नाही. त्याला तांबे, पितळ, चांदी आणि मणीकामच जवळचे. अशा शिकणाऱ्यांना झेरॉक्सच्या नोट्स देणाऱ्यांच्या मनात कधीतरी पुस्तकाचा विचार येतो. पाने रंगीत आणि खप बेताचा, म्हणून प्रकाशक सहसा बिचकतात. उरतो स्वतः छापण्याचा पर्याय. पण खर्चाच्याही आधी कारागिराला दुसराच प्रश्न अडवतो : हातचे सगळे छापून टाकले, तर आपल्याकडे राहिले काय?

पद्धतीवर कॉपीराइट मिळतो का?

नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ कल्पनेला किंवा कृतीला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली त्या मांडणीला देतो. ‘आर. जी. आनंद’ खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. म्हणजे ठुशीचे मणी दाट कसे गाठवायचे हे वाचून कोणीही ठुशी करू शकतो, विकू शकतो, आपल्या शब्दांत दुसरे पुस्तकही लिहू शकतो. लेखकाची वाक्ये आणि फोटो मात्र त्याला उचलता येणार नाहीत. हे संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. नोंदणी सक्तीची नाही. केली तर साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

ठुशी, चिंचपेटी, तन्मणी हे पारंपरिक घाट कोणा एकाचे नाहीत. खरी अडचण होते ती कारागिराने स्वतः काढलेल्या नव्या नक्षीबाबत.

नवी नक्षी आधी छापली तर काय होते?

अनेकांचे नुकसान होऊ शकते ते इथे, कारण चूक कळते तेव्हा ती दुरुस्त करता येत नाही. दागिन्याचा नवा आकार किंवा नक्षी यांना डिझाइन कायदा, २००० खाली संरक्षण मिळते : आधी १० वर्षे, मुदतवाढ घेतल्यास आणखी ५. अट अशी की अर्ज करण्याआधी ते डिझाइन लोकांसमोर आलेले नसावे. पुस्तकात छापले म्हणजे ते लोकांसमोर आले. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला तरी तोच धोका. नंतर केलेला अर्ज नवेपणाच्या मुद्द्यावर फेटाळला जाऊ शकतो.

कॉपीराइट तरी उरेलच, असा समज असतो. तोही अर्धवट आहे. जे डिझाइन नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, त्याच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा घडवल्या गेल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १५ सांगते. म्हणून स्वतःची खास नक्षी पुस्तकात घालायची असेल, तर आधी डिझाइनचा अर्ज, मग छपाई, हा क्रम चुकवू नये. किंवा ती नक्षी पुस्तकाबाहेर ठेवून पारंपरिक घाटांवरच कृती समजावून सांगावी. बहुतेकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो, कारण शिकणाऱ्याला मूळ कृतीच हवी असते.

फोटो कोणाच्या मालकीचे?

पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. मित्राने फुकट काढून दिले, तर मालक मित्र. कायद्याच्या त्या तरतुदीत छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र असे मोजके प्रकार आहेत. कृतीच्या रेखाटनांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. त्यामुळे रेखाटने करून घेताना हक्क लेखी घ्यावेत. ‘सगळे आम्ही करतो’ म्हणणाऱ्या पॅकेजवाल्या कंपन्यांशी करार करतानाही मुदत पाहावी. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेच नसेल, तर कायदा ५ वर्षे धरतो. पण ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द लिहिलेला असला की ही सोय गेली.

रंगीत पाने किती महाग पडतात?

ऑफसेट छपाईत पुस्तक फर्म्यांत मोजतात. साधारण १६ पानांचा एक फर्मा, त्याच्या दोन बाजू. काळ्या छपाईला प्रत्येक बाजूला एक प्लेट लागते, रंगीतला चार. १२८ पानांचे पुस्तक म्हणजे ८ फर्मे. सगळे काळे असेल तर १६ प्लेट, सगळे रंगीत असेल तर ६४. पण रंगीत फोटो एकाच फर्म्यात गोळा केले आणि बाकी कृती काळ्या रेखाटनांनी दाखवली, तर २२ प्लेटमध्ये भागते. तसेही तार कुठून वळवायची, सांधा कुठे येतो, हे चकाकत्या फोटोपेक्षा साध्या रेषेत जास्त स्पष्ट दिसते. शे-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बरी पडते, त्यात प्लेटच नसतात. मात्र प्रती वाढवल्या तरी प्रत्येक प्रतीचा खर्च फारसा उतरत नाही.

मोबाइलवर झळकणारे सोने कागदावर मळकट पिवळे उतरते, कारण पडद्यावरचा उजेड शाईत नसतो. नमुना पान छापून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. पाच इंच रुंद फोटो चांगला छापायचा तर रुंदीला सुमारे १,५०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो दाबला जातो, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ करून पाठवावी.

कराचे गणितही सरळ नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा दर १२ वरून १८ टक्के झाला आहे. विक्री करमुक्त असल्याने कागदावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. तो पुस्तकाच्या किमतीतच चढतो.

मग ई-पुस्तकच काढले तर?

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तके डिसेंबर २०१६ पासून काढता येतात. लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मानधन, असे दोन पर्याय असतात. ७० टक्के ऐकून हुरळण्याआधी आकडेमोड करावी. या पर्यायात फाइलच्या प्रत्येक एमबीमागे ७ रुपये आधी कापले जातात. कादंबरीला ते जाणवत नाही, फोटोंच्या पुस्तकाला जाणवते. समजा किंमत २४९ रुपये आणि फाइल २० एमबी. १४० रुपये वजा होऊन उरले १०९, त्याचे ७० टक्के म्हणजे ७६ रुपये. ३५ टक्क्यांच्या पर्यायात ही कपात नाही : हातात ८७. शिवाय भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचे नाही, अशी अट असते.

चूक राहिली तर?

कादंबरीतली चूक वाचक हसून सोडतो. इथे हात भाजतो. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, पण ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंशांच्या आसपासच वितळू लागते. ‘चांदी लाल होईपर्यंत तापवा’ एवढेच लिहून भागत नाही. एकाच दागिन्याला दोन-तीन सांधे असतील, तर पहिल्या सांध्याला जास्त तापमानाला वितळणारा डाख आणि पुढच्यांना कमी तापमानाचा लागतो. हा क्रम गाळला तर दुसरा सांधा करताना पहिला सुटतो. कारागीर हे सहजपणे करतो, म्हणूनच लिहायचे विसरतो. सराफ बाजारात ‘केडीएम’ नावाने ओळखला जाणारा कॅडमियमचा डाख तर पुस्तकात सुचवूच नये. त्याचा धूर विषारी असतो. छापण्याआधी ज्याने कधी फुंकणी धरलेली नाही अशा दोघा-तिघांना फक्त मजकूर देऊन, जाणत्याच्या देखरेखीखाली दागिना करायला सांगावे. ते जिथे अडतील, तिथे मजकूर अपुरा आहे. प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेला ही चूक सापडत नाही.

नोंदणी आणि टपाल

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. छापील आणि ई-आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात. या क्रमांकाचा कॉपीराइटशी संबंध नाही. पैसे घेऊन ‘आयएसबीएनसह हक्क सुरक्षित’ सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. स्वतः छापणारा कायद्याने प्रकाशकच ठरतो. त्यामुळे १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते.

वाचकांना प्रती पाठवण्यासाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे आणि त्यात जाहिराती चालत नाहीत. छपाईचा खर्च भरून काढायला शेवटच्या पानांवर सराफांच्या जाहिराती घेण्याचा विचार असेल, तर ही सवलत हातची जाईल.