डोळ्यातले भिंग आणि खिडकीवरचे भिंग

दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे ॲक्रिलिकचे कण रुतून बसले होते, अशा ब्रिटिश वैमानिकांची तपासणी करीत असता, काचेच्या कणाने डोळा जसा दाहाने पेटतो तसा या द्रव्याने पेटत नाही, हे हॅरॉल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाच्या ध्यानी आले; आणि पुढे, मोतीबिंदू काढल्यावर त्या जागी दुसरे भिंग का घालीत नाही, असे एका विद्यार्थ्याने विचारल्यावर त्या निरीक्षणाला दिशा मिळाली. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. डोळ्यातील परकी वस्तू बाहेर काढावी, आत घालू नये, अशी ज्यांची दृढ धारणा होती त्या समव्यावसायिकांचा विरोध त्यांनी दीर्घकाळ सोसला. ‘सर’ हा किताब मिळाला तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते.

कृत्रिम भिंग येण्यापूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जो जाड चष्मा वाट्याला येई, त्यातून वस्तू वाजवीपेक्षा मोठ्या दिसत आणि दृष्टिक्षेत्रात एक वलयाकार अंध पट्टा राही. अशा माणसाच्या हाती मोटारीचे चक्र देणे धोक्याचेच होते. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यात बसवायची ही भिंगे स्वस्तात तयार केली आणि गरिबाची अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. मोतीबिंदू काढलेल्या वृद्ध चालकांचे अपघात न काढलेल्यांच्या सुमारे निम्म्याने होतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत आढळले.

परंतु आमच्याकडे मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची जुनी रीत अद्याप सुटलेली नाही, आणि तोवर चालक रात्रीच्या घाटात समोरच्या दिव्यांभोवतीच्या प्रभावळी पाहत गाडी हाकीत राहतो. चाळिशी उलटलेल्यांकडून आणि मालमोटार, बस चालविणाऱ्यांकडून परवान्यासाठी जो वैद्यकीय दाखला मागितला जातो, त्याच्या नमुन्यात पंचवीस मीटरवरील गाडीचा क्रमांक दिवसाच्या चांगल्या उजेडात वाचता येतो काय, असा प्रश्न आहे. मोतीबिंदूचा खरा जाच मात्र रात्रीच्या झगझगाटात होतो. हा दाखला निव्वळ सहीशिक्क्याने मिळू देणे म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोगी डोळ्यालाही न दिसणारी एक जागा मालमोटारीला असतेच. आमचा चालक उजवीकडे, उंचावर बसतो. क्लीनर साइडच्या, म्हणजे डावीकडच्या, दाराखाली आलेला सायकलस्वार त्याला आरशात सापडतोच असे नाही. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी योजिलेले आणि १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात उजळलेले, भिंगाच्या वक्रतेला वर्तुळाकार चरांत विभागून वजन घटविण्याचे तत्त्व आज प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर उतरले आहे. असा पत्रा डाव्या खिडकीच्या काचेवर चिकटविला की दाराखालचा भाग लहान आकृतीत दिसू लागतो. युरोपातून येणाऱ्या, डाव्या बाजूला चक्र असलेल्या मालमोटारींच्या चालकांना ब्रिटनमध्ये अशी भिंगे वाटण्यात आली होती.

म्हणून शासनाने जड वाहनांच्या पासिंगच्या वेळी खिडकीवरच्या या भिंगाची सक्ती करावी. आणि परवान्याच्या नूतनीकरणाला येणाऱ्या चालकाची झगझगाटातील दृष्टी आरटीओच्या दप्तरातच तपासून, मोतीबिंदू आढळल्यास त्याला शासकीय रुग्णालयात विनामूल्य शस्त्रक्रियेसाठी पाठवावे, आणि बुडणाऱ्या दिवसांची मजुरी त्याच्या हाती पडेल अशी तजवीज करावी. कारण रोजंदारी जाईल या भीतीनेच तो डोळा दाखविण्याचे टाळतो.