मवाळ झाले म्हणजे विकले गेले?

कुठल्याही बँडने जरा सुरेल गाणं केलं की आपली इंजिनियर जनता लगेच निकाल लावून मोकळी होते: 'विकले गेले साले.' २०२४ मध्ये डब्लिनच्या फाँटेन्स डीसीचा 'रोमान्स' आला तेव्हाही मित्रमंडळींकडून हेच ऐकलं. २०१९ च्या 'डॉग्रेल'मधला खरखरीत, बोलल्यासारखा गाणारा बँड आता चालीत गातो, म्हणजे संपला! मला या निकालाचा कंटाळा आलाय. आणि राग पण.

या आरोपाची सगळ्यात ठळक केस मँचेस्टरची. पंकचा धुरळा बसत असताना, १९७९ मध्ये जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' आला. थंडगार, रिकाम्या गोडाउनात वाजवल्यासारखा. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौर्‍यावर निघायच्या आदल्या दिवशी गायक इयन कर्टिसने आत्महत्या केली. वय वर्षं २३. उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतलं, चौथी गिलियन गिल्बर्ट आली. १९८१ चा 'मूव्हमेंट' अजून त्याच सावलीत होता. मग १९८२ चं 'टेम्प्टेशन', १९८३ चा 'पॉवर, करप्शन अँड लाइज', आणि खिडक्या उघडल्या. चाली आल्या, नाच आला, ऊब आली.

इथे 'पहिल्यासारखं राहिलं नाही' म्हणणार्‍याला विचारावंसं वाटतं, नक्की काय पाहिजे होतं बाबा तुला? मित्राचं सुतक त्यांनी जन्मभर पाळायचं, का तर तुला कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून उदास व्हायला बरं वाटतं? आपण ईएमआय भरणार, शनिवारी मॉलमध्ये फिरणार, आणि आपल्या वाटचा अंधार दुसर्‍याने राखायचा. याला रसिकता म्हणत असतील तर म्हणोत बापडे. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीची मागणी म्हणतात. सॉफ्टवेअरला ती ठीक आहे, माणसाला कशी लावणार?

बरं, ही चाल बाहेरून आणून चिकटवली होती का? अजिबात नाही. पीटर हूकचा अँप इतका भिकार होता की खालच्या सुरांत वाजवलं तर त्याचं त्यालाच ऐकू यायचं नाही. म्हणून तो बेसवर वरच्या सुरांत चाली वाजवायला लागला. म्हणजे जॉय डिव्हिजनच्या त्या अंधारातसुद्धा गाणं होतंच, बेस ते गुणगुणत होता!

आणि विकले गेले म्हणावं तर १९८३ चं 'ब्लू मंडे' घ्या. साडेसात मिनिटांचं गाणं, कव्हरवर बँडचं नाव रंगांच्या कोडमध्ये, सिक्वेन्सर बर्नार्ड सम्नरने किट आणून स्वतः जोडलेला. 'टॉप ऑफ द पॉप्स'वर बाकीचे लोक रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे. हे हट्टाने लाइव्ह वाजवायला गेले आणि माती खाऊन आले. विकले जाणारे लोक असं करतात होय?

काही मवाळपणा निव्वळ विकाऊ असतो, मान्य. पण ओळखायचं कसं? आवाज किती कर्कश आहे हे मोजून नव्हे. आतला माल गेला का, ते बघून. हे कळायला खरं तर मँचेस्टरला जायची गरज नाही. आमच्या नशिराबादपासून जवळच असोदे आहे, बहिणाबाईंचं माहेर. ऐन तरुणपणी वैधव्य आलं, आणि ही बाई जात्यावर, शेतात ओव्या रचत राहिली. ऐकायला गोड. म्हणून त्यातलं दुःख, माणसाच्या हावरेपणाला मारलेला टोला बोथट झाला, असं खान्देशात कोणी म्हणून दाखवावं! वांगं भाजून मऊ झालं म्हणून भरतातली मिरची काही कमी तिखट लागत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादा बँड गोड वाजायला लागला तर शिक्का मारायच्या आधी अल्बम अख्खा ऐका. दोनदा. मग भांडायला या, मी आहेच.