धास्ती २०४८ची, धोका २०५२चा

२०४८ साली अंटार्क्टिकाचा करार संपणार आणि मग त्या खंडाची लूट सुरू होणार, असं सर्रास लिहिलं आणि सांगितलं जातं. आर्क्टिकबद्दलची भाषा याहून भडक असते: तिथे कायदाच नाही, बर्फ हटला की बळी तो कान पिळी. असं म्हणणाऱ्यांत हवामानबदलाची मनापासून काळजी करणारी माणसंही आहेत. तरीही हे दोन्ही दावे चूक आहेत, आणि त्यांच्यामुळे आपली नजर भलतीकडे लागून राहते.

आधी २०४८ पाहू. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सही केलेल्या अंटार्क्टिक कराराला मुदतच नाही. त्या कराराला जोडलेल्या १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलने तिथल्या खाणकामावर घातलेल्या बंदीलाही नाही. प्रोटोकॉल १९९८मध्ये लागू झाला. त्यानंतर ५० वर्षांनी, म्हणजे २०४८पासून, कोणत्याही सल्लागार (म्हणजे निर्णयाचा अधिकार असलेल्या) सदस्य देशाला फेरविचाराची परिषद मागता येईल, एवढंच त्यात म्हटलं आहे. परिषद भरली तरी बदलाला बहुमत हवं, आणि त्या बहुमतात १९९१ साली सल्लागार असलेल्या २६ देशांपैकी तीन चतुर्थांश हवेत. बदल अमलात यायचा तर त्या सगळ्या २६ देशांची संमती लागते. शिवाय खाणकामाचं नियमन करणारी बंधनकारक व्यवस्था उभी राहिल्याशिवाय बंदी उठवता येत नाही. मंजूर झालेला बदल तीन वर्षांत लागू झाला नाही तर देशाला प्रोटोकॉलमधून बाहेर पडता येतं, ही फट खरी आहे. पण तिथवर पोचायलाही आधी ते बहुमत जमवावं लागतं.

आर्क्टिक हा देशांनी वेढलेला समुद्र आहे आणि त्याला समुद्राचा कायदा लागू आहे. २००७ साली रशियाने उत्तर ध्रुवाखाली समुद्राच्या तळाशी झेंडा रोवला आणि ते चित्र जगभर छापलं गेलं. त्या झेंड्याने रशियाला तसूभरही तळ मिळाला नाही. त्यासाठी तो २००१पासून संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे नकाशे आणि मोजमापं मांडतो आहे. डेन्मार्क २०१४मध्ये आणि कॅनडा २०१९मध्ये त्याच दारी गेले. बॅरेंट्स समुद्रातला नॉर्वे आणि रशियाचा चार दशकांचा वाद २०१०मध्ये कराराने मिटला. ग्रीनलंडबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांची भाषा संतापजनक आहे, पण कायदा मोडण्याची धमकी देणं वेगळं आणि कायदाच नसणं वेगळं.

मग सगळं ठीक आहे का? अजिबात नाही. हे कायदे लिहिताना बर्फ कायम राहणार असं गृहीत धरलं होतं, आणि खरी भेग तिथे आहे. समुद्र कायद्याचं २३४वं कलम पाहा. प्रदूषण रोखण्यासाठी जहाजांवर नेहमीपेक्षा कडक नियम लादण्याचा अधिकार ते किनारी देशांना देतं, पण वर्षातला बहुतेक काळ बर्फाने झाकलेल्या पाण्यापुरताच. कॅनडा आणि रशिया आपल्या उत्तरेकडच्या जलमार्गांवरची हुकमत बऱ्याच अंशी याच कलमावर टेकवतात. १९७९पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे. सप्टेंबर २०१२मध्ये तिथला सागरी बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर उतरला होता. उद्या एखाद्या पट्ट्यात बर्फ वर्षातले चार-पाच महिनेच टिकू लागला, तर जहाजांची वर्दळ वाढण्याच्या आणि तेलगळतीचा धोका खरा होण्याच्या नेमक्या वेळी किनारी देशाचा अधिकार वादात सापडेल. कलमातला एकही शब्द न बदलता कलम निकामी होईल.

यापुढचा पूर्वपक्ष जास्त जड आहे, कारण तो बैठकांच्या टेबलावर बसलेले लोक मांडतात. हवामानबदल हा हवामान परिषदांचा विषय, ध्रुवीय संस्थांनी त्यात पडू नये, असं त्यांचं म्हणणं. २०१९मध्ये फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला आर्क्टिक देशांच्या मंचाची, म्हणजे आर्क्टिक कौन्सिलच्या मंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा हवामानबदलाच्या उल्लेखाला अमेरिकेने नकार दिला आणि कौन्सिलच्या इतिहासात प्रथमच संयुक्त घोषणापत्र निघालं नाही. दक्षिणेत हीच भूमिका चीन आणि रशिया वेगळ्या सुरात घेतात: आधी आणखी पुरावा आणा, मग संरक्षणाचं बोलू.

या म्हणण्यातला खरा अंश मान्य करायलाच हवा. ध्रुवीय संस्था जगाचा कार्बन कमी करू शकत नाहीत. पण तसं त्यांना कुणी सांगतही नाही. तापमानाचा मार बसणाऱ्या जिवांवर दुसरा मार पडू न देणं हे मात्र त्यांच्या हातात आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्याही हातात नाही. २०२२मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रातल्या एम्परर पेंग्विनच्या पाच ज्ञात वसाहतींपैकी चार वसाहतींतली पिल्लं गेली, कारण त्यांना पाण्यात टिकणारी पिसं फुटण्याआधीच पायाखालचा बर्फ मोडला. त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, अंटार्क्टिक कराराच्या बर्लिनमधल्या बैठकीत या पक्ष्याला विशेष संरक्षित दर्जा देण्याचा प्रस्ताव चीनच्या विरोधामुळे अडला. आता याहून कोणता पुरावा हवा?

क्रिलचं उदाहरण तर अधिकच बोलकं आहे. दिसायला आपल्या जवळ्यासारखा हा जीव देवमाशांपासून पेंग्विनपर्यंत सगळ्यांचं अन्न आहे, आणि त्याची पिल्लं हिवाळ्यात सागरी बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. म्हणजे बर्फ घटला की क्रिलच्या मुळावरच घाव पडतो. दक्षिण महासागरातल्या सजीवांचं जतन पाहणाऱ्या आयोगाने दक्षिण अटलांटिक भागात क्रिलच्या पकडीला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा घातली होती आणि ती निरनिराळ्या उपविभागांत वाटून दिली होती, म्हणजे सगळी जहाजं पेंग्विनच्या वसाहतींसमोर एकाच जागी लोटू नयेत. २०२४च्या बैठकीत वाटणीच्या या नियमाला मुदतवाढ द्यायला एकमत झालं नाही. नियम गेला. पुढच्याच हंगामात, २०२५मध्ये, पूर्ण मर्यादा वेळेआधी गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली.

इथे थांबून पाहिलं पाहिजे. खाणबंदीही एकमतावर उभी आहे आणि क्रिलचा नियमही एकमतावरच उभा होता. पण एकमत मोडलं तर खाणबंदी टिकते, आणि एकमत मोडलं म्हणून क्रिलचा नियम संपला. माझ्या मते ध्रुवीय राज्यकारभाराचा सगळा निकाल या फरकात आहे. ठराव अडला तर मागे काय उरतं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, आणि हवामान बदलत असताना जे उरेल ते संरक्षण असायला हवं. आर्क्टिकच्या मध्यभागी हे अंशतः घडलं आहे. तिथल्या सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर खुल्या समुद्रात विज्ञान पुरेसं होईपर्यंत व्यापारी मासेमारी करायची नाही, असा करार चीन आणि रशियासह दहा पक्षांनी २०१८मध्ये केला आणि तो २०२१मध्ये लागू झाला. एकही मासा पकडण्याआधी झालेला हा करार! पुरावा आणण्याची जबाबदारी तिथे पकडू पाहणाऱ्यावर आहे. पण त्याचाही पहिला टप्पा १६ वर्षांचा. पुढची मुदतवाढ आपोआप होते, मात्र एकाही पक्षाने हरकत घेतली तर थांबते.

आता २०४८ची भीती घालणाऱ्यांनी २०५२कडे वळावं. रॉस समुद्रातलं १५.५ लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र २०१६मध्ये मंजूर झालं, डिसेंबर २०१७पासून लागू झालं, आणि तडजोड म्हणून त्याला ३५ वर्षांची मुदत घातली गेली. २०५२मध्ये ते चालू ठेवायला पुन्हा एकमत लागेल. एका देशाने मान हलवली नाही की ते संपलं. खाणबंदी मोडायला डोंगर हलवावा लागतो, रॉस समुद्र उघडायला नुसतं गप्प बसणं पुरेल.

एकमत सोडा आणि बहुमताने मोकळे व्हा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर हरलेला देश बाहेर पडेल आणि नियमांबाहेर राहून मासे पकडेल. एकमताची धार बर्फाच्या बाजूने वापरता येते, हे घडून गेलेलं आहे. १९८८मध्ये खाणकामाला वाट करून देणारा करार वेलिंग्टनमध्ये पुरता तयार झाला होता. १९८९मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने त्याला संमती नाकारली आणि दोनच वर्षांनी त्याच देशांच्या मेळाव्यातून संपूर्ण बंदी बाहेर आली.

एकमताची ही धार वापरणं भारताला शक्य आहे. १९८१मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरून आपली पहिली मोहीम निघाली, १९८३पासून आपण सल्लागार देश आहोत, आणि वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रातून आजही मैत्री आणि भारती तळांचं काम चालतं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांना २०२१मध्ये भारताने पाठिंबा जाहीर केला, तो पुरेसा नाही. क्रिलची मर्यादा वाढवायलाही एकमतच लागतं. ती वाढवू पाहणाऱ्यांना ऑक्टोबरात होबार्टला भरणाऱ्या आयोगाच्या बैठकीत भारताने सांगावं, की आधी संरक्षित क्षेत्र आणि मगच वाढीव टनांची चर्चा. क्षेत्राच्या सीमांवर घासाघीस करायला हरकत नाही, ते थोडं लहान झालं तरी चालेल. पण त्याला मुदत घालायला भारताची संमती मिळू नये.