कडी, खीळ आणि ब्रेकमनची बोटे

१/५ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी लाकडी मालडबा १:८७ प्रमाणात घडवणारे हौशी कारागीर फळ्यांच्या रेषा, तळाच्या लोखंडी ताणदांड्या, छपरावरची अरुंद फळीवाट, सारे अचूक साधतात. माझा आक्षेप आहे तो जोडणीला.

२/५ ती फळीवाट शोभेची नव्हती. इंजिनाची शिट्टी होताच ब्रेकमन धावत्या गाडीच्या छपरांवरून, पावसात आणि हिमातही, चालत जाई व एकेका डब्याचे ब्रेक हाताने आवळी. डबे जोडणे त्याहून घातक. दोन डब्यांमध्ये उभे राहून हाताने कडी खाचेत घालायची, वरून खीळ सोडायची. क्षणाची चूक झाली की बोटे जात, कधी प्राणही.

३/५ आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे पेटंट ईली जॅनी यांना १८७३ मध्येच मिळाले होते. ती सक्तीची करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांची सही झाली २ मार्च १८९३ रोजी. उपाय हाताशी असूनही वीस वर्षे गेली.

४/५ आज १८८० च्या डब्याच्या प्रतिकृतीलाही जॅनी पद्धतीची जोडणी बसवतात. कारण काय, तर कडी-खीळ हाताळणे किचकट! जी सोय त्या कामगारांना नाकारली गेली, तीच आपण त्यांच्या इतिहासावर चिकटवतो.

५/५ मित्रहो, खेळातल्या गाडीला सोय जरूर असावी. पण संग्रहातील एक तरी डबा कडी-खिळीचा ठेवा. चिमट्याने ती खीळ बसवताना बोटे अडखळतील, तेव्हा ब्रेकमनची आठवण होईल.