दुधाचेच तर दात!

अकोल्याला माझी नणंद राहते. तिच्या सहा वर्षांच्या नातवाला ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, अंगात बारीक ताप असायचा. "उष्णता झाली असन. अन् दुधाचेच त दात हायेत, पडतीन अन् नवे येतीन," ती म्हणाली. मीही अमरावतीहून फोनवर गुलकंद द्यायला सांगून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी पायांवर निळे डाग दिसले, तेव्हा कुठे रक्त तपासलं. ल्युकेमिया निघाला, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

तेव्हापासून मनाला एकच बोचणी आहे. आपण लेकरांचं तोंड फार उशिरा बघतो. हिरड्यांतून रक्त येण्याचं कारण बहुतेक वेळा साधंच असतं. पण सोबत ताप, फिकेपणा, अंगावर डाग किंवा गाठी असतील तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

मुंबईत केमोथेरपी सुरू झाली आणि पोराचं तोंड आलं. पाण्याचा घोटही गिळवेना. भाकर-ठेचा मागणारं पोरगं पेज बघूनच रडायचं. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की तोंडातली जखम किंवा किडका दात म्हणजे जंतूंना रक्तात शिरायची वाटच. ताप येतो, उपचार लांबतात. म्हणून शक्य असेल तर केमोच्या आधीच दात दाखवायचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं.

आता नणंदेच्या घरी नियम आहे. मऊ ब्रश, खाण्यानंतर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या चुळा, गोड औषधानंतर पाणी. तोंड आलं की तिखट बंद. मंजन, मिसरी नाही. दात हलला तरी ओढायचा नाही. प्लेटलेट कमी असल्या तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच दात काढायचा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडी-शाळेतल्या मुलांचे दातही तपासतात. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे. मग कर्करोगाच्या प्रत्येक लेकराच्या फाइलीत दंतवैद्याचं पान पहिल्या दिवसापासून का नको? ते मिळेपर्यंत आपणच विचारायचं, "डॉक्टर, याचे दात कोण बघणार?" मोठ्या आजारापुढे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, म्हणून आपण संकोचतो. मैत्रिणींनो, संकोचू नका.

नातवाचे पुढचे दोन दात आता येताहेत. नणंद रोज बॅटरी लावून बघते.