धर्माची पहारेकरीण व्हायला आमचा नकार



‘वय झाले की बाई देवाला लागते’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मुले मार्गी लागली, सून आली, गुडघे कुरकुरू लागले की बाईने पोथी उघडावी हे जणू ठरलेलेच! पण गटांच्या बैठकांतून, शिबिरांतून चाळिशी-पन्नाशीच्या बायका मोकळ्या होऊन बोलू लागल्या की वेगळेच ऐकू येते. ‘किती वर्षं करायचं हे?’ ‘माझ्या उपासांनी कुणाचं काय भलं झालं?’ या बायका देवावर रुसलेल्या नसतात. देव आहे की नाही, हा त्यांचा प्रश्नच नसतो. त्यांना वीट आलेला असतो तो देवाच्या नावाने चालणाऱ्या कारभाराचा.

घरचे म्हणतात, पाळी जायच्या वयातली चिडचिड आहे, डॉक्टरला दाखवा. आमचे म्हणणे असे की ही चिडचिड नाही, हा हिशेब आहे.

लग्नानंतरची पंचवीस-तीस वर्षे धरा. वटपौर्णिमा, श्रावणातले वार, हरतालिकेचा कडक उपास, गौरींचे जेवण, नवरात्र, पितृपक्षातला स्वयंपाक. पुरण शिजवणे, वाटणे, तळण, पितळेची भांडी घासणे. हे सगळे नोकरी, शेत, मजुरी सांभाळून. जातीप्रमाणे सणांची यादी बदलते, राबणारी बदलत नाही. पूजेला यजमान म्हणून बसतो नवरा, ती त्याच्या हाताला हात लावून बसते. दक्षिणा भटजीला, पहिली पंगत पुरुषांची, आणि ती जेवते दुपारी तीनला, गार झालेले. उपाशी राहून मागते ते नवऱ्याचे नि मुलाचे आयुष्य. तिच्या आयुष्यासाठी घरातल्या पुरुषाने एक वेळचे जेवण सोडलेले आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहे?

एवढे करून तिची पत काय? नवरा असेपर्यंत सवाष्ण म्हणून पाटावर मान. तो गेला की दुसऱ्या दिवसापासून तीच बाई हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून वगळलेली. एकटीने कष्ट करून मुलगी वाढवली, शिकवली, लग्नाचा खर्च केला, तरी कन्यादानाला दीर-जाऊ बसतात आणि आई मागच्या रांगेत. मुळात मुलगी दान देण्याची वस्तू नाहीच, पण जे दान म्हणून मिरवले जाते तेसुद्धा तिच्या हातून चालत नाही! देवीला सोडलेल्या जोगतिणीची तर आणखीच परवड. तारुण्य देवीच्या नावाने लुटले गेले आणि उतारवयात हातात काय, तर जोगव्याची परडी.

आता विटाळाकडे वळू. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून बाई महिन्यातले चार दिवस ‘बाहेरची’. गौरी-गणपतीच्या तोंडावर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या नाहीत अशी घरे शोधावी लागतील. नैवेद्यासाठी शरीराशी खेळायचे, आणि पुढे अंगावरून जास्त गेले की तो मात्र तिचा एकटीचा आजार. मग पन्नाशी येते, पाळी जाते आणि धर्म म्हणतो, ये, आता तू शुद्ध झालीस.

हा नियम शबरीमलैला आकड्यांत मांडलेला होता. १० ते ५० वर्षांच्या बाईला मज्जाव. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर डोंगराच्या वाटेवर जमावाने तरुण बायकांना अडवले, आणि त्या जमावात बायकाही होत्या, गाड्या थांबवून आत कोण आहे ते तपासणाऱ्या. त्याच नोव्हेंबरात नातवंडाच्या उष्टावणासाठी आलेल्या ५२ वर्षांच्या एका बाईला, ती पन्नाशीच्या आतली असावी अशा संशयावरून, देवळाच्या आवारात घेरून धक्काबुक्की झाली. म्हणजे नियमात बसणाऱ्या बाईलाही आपली पाळी गेली आहे हे जमावासमोर सिद्ध करावे लागते. पन्नाशीनंतर मिळणारा ‘मान’ तो हा!

आणि हा मानही फुकट नाही. त्या बदल्यात धर्म तिच्याकडून एक काम मागतो, पहारेकरणीचे. सुनेची पाळी कधी आली, तिने लोणच्याला हात लावला का, धाकटीने मंगळसूत्र काढून का ठेवले, विधवा नणंद ओटी भरायला पुढे कशी आली, यावर लक्ष ठेवायचे. जे तिला जाचले तेच तिने दुसरीवर लादायचे. तीस वर्षे ज्या घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती तिथे पहिल्यांदाच तिचा शब्द चालतो, पण तो फक्त दुसऱ्या बाईवर. पुरुषांना पहाऱ्यावर उभे राहावेच लागत नाही. मग ‘बाईच बाईची वैरी’ म्हणून हसायला तेच मोकळे!

म्हणून मध्यमवयातल्या या वैतागाला महत्त्व आहे. ज्या वयात धर्म तिच्या हातात किल्ल्या देऊ करतो, त्याच वयात ती म्हणते, नको. ती हटली तर पुढच्या पिढीवरचा पहारा उठतो. इतकी ताकद त्या ‘कंटाळा आला’मध्ये आहे.

हे एकाच धर्माचे नाही. १९७८ साली शाहबानोला तलाक मिळाला तेव्हा ती साठीच्या घरातली होती, चाळीसहून जास्त वर्षे संसार केलेली. १९८५ मध्ये न्यायालयाने तिला पोटगी दिली, तर धर्माचे ठेकेदार रस्त्यावर आले आणि १९८६ मध्ये सरकारने कायदाच बदलला. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात बायकांना बंदी झाली, ती उठवायला मुस्लिम बहिणींना २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल घ्यावा लागला. कॅथॉलिक चर्चमध्ये बाई आयुष्यभर सेवा करू शकते, पाद्री होऊ शकत नाही. देव वेगवेगळे, विश्वस्त मात्र सगळे सारखे.

नुसता प्रवेश मिळाला म्हणून हा कारभार बदलत नाही. जानेवारी २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानाला पहिल्यांदा बाई अध्यक्ष मिळाली आणि तिनेही बाजू घेतली ती परंपरेचीच. चौथरा खुला झाला तो उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्यावर बोट ठेवल्यानंतर, एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याला. खुर्चीत बाई बसवून पहारा तोच ठेवता येतो, हे आपण ध्यानात घ्यायला हवे.

काहीजणी विचारतील, मग बायकांची श्रद्धा, वारी, भजन, हे सारे सोडायचे का? आमचे तसे म्हणणे नाही. घराबाहेर पडायला, गळा मोकळा करायला अनेकींना तेवढीच एक जागा आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही. विटाळ देहातच असेल तर सोवळा कोण, हा प्रश्न सोयराबाईने चौदाव्या शतकात विठ्ठलालाच विचारला. ती भक्तच होती. श्रद्धा आणि ताबेदारी या दोन गोष्टी आहेत, आणि धर्मसंस्था दुसरी मागून घेताना नाव पहिलीचे सांगते.

करायचे काय? गटांनी आपापल्या गावात तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, संक्रांतीचे कार्यक्रम. मंडळाच्या कार्यक्रमात सवाष्ण-विधवा हा भेद राहणार असेल तर तो कार्यक्रम आपला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. तुमच्या गावचा ठराव झाला आहे का? झाला असेल तर तो कागदावर आहे की घराघरांत?

दुसरी, देवस्थानचा कारभार. नोंदणी झालेल्या देवस्थानाला धर्मादाय कार्यालयाकडे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तो मागा, वाचा. किती पैसा आला, कशावर गेला, विश्वस्तांत बायका किती, एकट्या म्हाताऱ्यांसाठी काय तरतूद, हे विचारा.

तिसरी सगळ्यात अवघड, कारण ती घरात करायची आहे. पन्नाशीच्या मैत्रिणींनी सुनेला, मुलीला एकदा स्पष्ट सांगावे, माझ्या घरात कुणी ‘बाहेरची’ बसणार नाही आणि गोळ्या खाऊन गौरी जेवायला घालायच्या नाहीत. देव कोपेल असे कुणी म्हणाले तर सांगा, तीस वर्षे उपाशी राहून आम्ही त्याचे काही देणे शिल्लक ठेवलेले नाही.