धावणारा एक, वाट करणारे पाच

१६ डिसेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बर्फ पडत होते. त्या दिवशी बफेलो बिल्स संघाच्या ओ. जे. सिम्प्सनने अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये एका हंगामात २,००० यार्डांचा टप्पा प्रथमच ओलांडला. चौदा सामन्यांत २,००३ यार्ड! सामना संपल्यावर वार्ताहर त्याची वाट पाहत होते. सिम्प्सन आला तो एकटा नव्हे. हंगामभर आपल्यापुढे राहून वाट मोकळी करून देणाऱ्या सहकाऱ्यांना त्याने बरोबर आणले आणि त्यांची एकेकाची ओळख करून दिली. सिम्प्सनचे पुढचे आयुष्य अगदी वेगळ्या कारणांनी गाजले आणि काळवंडलेही. पण त्या संध्याकाळी त्याने जे केले, त्यात या खेळातील एका जुन्या अन्यायाची कबुली होती. उत्पादन अनेकांचे आणि नोंद एकाच्या नावावर, हा तो अन्याय होय.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा, पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू पुढे फेकून झेलणे हा एक मार्ग. चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून धावत सुटणे हा दुसरा. हे धावण्याचे काम मुख्यतः ज्याच्याकडे असते तो 'रनिंग बॅक'. त्याच्यापुढे मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि टोकांना एकेक टॅकल अशी पाच धिप्पाड गड्यांची फळी असते. समोरच्याला अंगाने रेटून बाजूला सारायचे, क्षणभर फट निर्माण करायची आणि धावणारा त्या फटीतून निघून गेला की मातीतून उठून पुन्हा जागेवर यायचे, हे त्यांचे काम. नियमानुसार एरवी त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचीही मुभा नाही. बफेलोच्या त्या फळीला लोक 'इलेक्ट्रिक कंपनी' म्हणत. सिम्प्सनचे टोपणनाव 'ज्यूस' होते आणि अमेरिकन बोलीत ज्यूस म्हणजे वीजही. ती वीज चालू करून देणारे हे कारखानदार!

जमाखर्चातील उणीव

खेळाच्या अधिकृत नोंदवहीत प्रत्येक यार्ड धावणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. वाट काढून देणाऱ्याचे खातेच नसते. १९७३ ते २०२४ या अर्धशतकात एका हंगामात दोन हजारांवर यार्ड धावणारे नऊच खेळाडू झाले आणि त्यांची नावे क्रीडाशौकिनांना मुखोद्गत असतात. त्यांच्यापुढच्या फळीतील पाच नावे सांगणारा मात्र विरळा.

अर्थशास्त्राला हा पेच नवा नाही. प्रत्येक घटकाला त्याच्या सीमांत उत्पादनाएवढा मोबदला मिळतो, असे जॉन बेट्स क्लार्क यांनी १८९९ साली मांडले. पण दोघांनी मिळून एक ओझे मालमोटारीत चढवले, तर त्यातले कोणाचे किती हे कसे ठरवायचे? आल्चियन आणि डेम्सेट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. सांघिक उत्पादनात प्रत्येकाचा वाटा केवळ अंतिम फळाकडे पाहून मोजता येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. रनिंग बॅक आणि त्याची फळी हे या सिद्धान्ताचे उत्तम उदाहरण ठरावे.

तरीही काही प्रयोग इतिहासानेच करून ठेवले आहेत. फळी तीच आणि धावणारा नवा, हा पहिला प्रकार. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जिम ब्राउन हा अनेकांच्या मते सर्वकाळचा श्रेष्ठ धावणारा. १९५७ ते १९६५ या नऊ हंगामांत त्याने १२,३१२ यार्ड मिळवले, तेही दर धावेस ५.२ यार्डांच्या सरासरीने. १९६६ साली तो ऐन भरात निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या लेरॉय केलीने त्याच वर्षी १,१४१ यार्ड काढले, आणि सरासरी ५.५! पुढील दोन्ही वर्षे यार्डांमध्ये तो सर्वांच्या पुढे होता. डेन्व्हर संघाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९९८ साली टेरेल डेव्हिसने २,००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो जायबंदी झाला, तर ओलांडिस गॅरीने १,१५९. २००० साली माइक अँडरसनने १,४८७. २००२ साली क्लिंटन पोर्टिसने १,५०८. माणसे बदलत गेली. पीक येतच राहिले.

धावणारा तोच आणि फळी नवी, हा दुसरा प्रकार. डेन्व्हरमध्ये दर धावेस ५.५ यार्ड काढणारा हाच पोर्टिस २००४ साली वॉशिंग्टनला गेला आणि त्याची सरासरी ३.८ वर उतरली. डॅलसच्या डीमार्को मरेने २०१४ साली १,८४५ यार्ड मिळवले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात त्याला जेमतेम ७०२ मिळाले. इकडे डॅलसने त्याच्या जागी उतार लागलेल्या डॅरेन मॅकफॅडनला घेतले आणि त्याने १,०८९ यार्ड काढून दाखवले.

बेरीज नव्हे, गुणाकार

एवढ्यावरून 'फळी हेच सर्व काही, धावणारा निमित्तमात्र' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो निष्कर्ष घाईचा आहे. १९९३ साली वेतनाच्या वादामुळे एमिट स्मिथ डॅलसच्या पहिल्या दोन सामन्यांत खेळला नाही. फळी तीच, बलाढ्य. तरी डॅलसने दोन्ही सामने गमावले. स्मिथ परतल्यावर उरलेल्या चौदांपैकी बारा सामने जिंकून संघ पुढे अजिंक्यही ठरला. दोन सामन्यांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. पण शंका घेण्यास तेवढे पुरेसे आहे.

याच स्मिथची डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सशी होणारी तुलना तर संपतच नाही. स्मिथचे पंधरा हंगामांत १८,३५५ यार्ड, हा आजवरचा उच्चांक; सरासरी ४.२. सँडर्सचे दहा हंगामांत १५,२६९, सरासरी ५.०. स्मिथपुढे उत्तम भिंत होती आणि सँडर्स एकटा लढला, असे सँडर्सचे चाहते सांगतात. परंतु त्याच्यापुढे लोमस ब्राउन आणि केव्हिन ग्लोव्हर यांच्यासारखे वारंवार गौरवले गेलेले खेळाडू होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. नायकाला एकाकी ठरवल्याने त्याची कीर्ती वाढते. पण त्याची किंमत पुन्हा त्या फळीलाच मोजावी लागते. आणि वाट बंद झाली की सँडर्सचेही काय होई, हे १९९४ च्या हंगामाअखेर ग्रीन बेविरुद्धच्या बाद फेरीत दिसले. तेरा धावा, आणि एकूण कमाई उणे एक यार्ड.

या वादावर सर्वांत स्वच्छ प्रकाश टाकतात ते २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांतील चार आकडे. २०२३ साली सेक्वॉन बार्कली न्यूयॉर्क जायंट्सच्या दुबळ्या फळीमागे दर धावेस ३.९ यार्ड काढत होता. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या नामांकित फळीमागे डीआंद्रे स्विफ्टची सरासरी ४.६ होती. २०२४ साली स्विफ्ट शिकागोला गेला आणि ३.८ वर आला. बार्कली फिलाडेल्फियात आला आणि ५.८ वर पोचला. त्याने २,००५ यार्ड मिळवले आणि संघ फेब्रुवारी २०२५ मध्ये अजिंक्य ठरला. प्रतिपक्ष, प्रशिक्षक, डावपेच यांचाही या आकड्यांत वाटा असणार. तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे. कमकुवत फळीमागे बार्कली आणि स्विफ्ट यांच्यात फरक केवळ एक दशांश यार्डाचा. उत्तम फळीमागे तोच फरक १.२ यार्डांचा. म्हणजे येथे चाललेला व्यवहार बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. फळी पहिले तीन-चार यार्ड देते. पुढच्या मोकळ्या मैदानाचे सोने करणे धावणाऱ्याच्या अंगी असावे लागते. पण ते मैदान दिसलेच नाही तर थोर आणि सामान्य एकाच ढिगाऱ्याखाली सापडतात. गुणाकारात कोणत्या संख्येने उत्तर 'आणले' हा प्रश्नच निरर्थक असतो.

मोल आणि मान

गंमत अशी, की जे नोंदवहीला उमगले नाही ते बाजाराला उमगले. १९९३ पासून खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि फळीतील खेळाडूंचे भाव चढू लागले. २०२३ साली संघाने राखून ठेवलेल्या खेळाडूस द्यावयाचे एका वर्षाचे ठरावीक वेतन फळीतील खेळाडूस सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलर होते, तर रनिंग बॅकला सुमारे १ कोटी १ लाख. एका अन्यायाचे परिमार्जन होता होता दुसरा उभा राहिला. 'फळी चांगली असली की कोणीही धावेल' या समजुतीने धावणाऱ्यांचे भाव पाडले, आणि ज्यांची कारकीर्द मुळातच अल्प असते त्यांच्या पदरी उमेदीच्या काळात कमी मोबदला पडला. जायंट्सने बार्कलीला जाऊ दिले, ते बहुधा याच हिशेबाने. गुणाकारातील एका संख्येला क्षुल्लक मानण्याची चूक महागात पडते, हे त्या संघाला २०२४ च्या सतरापैकी चौदा पराभवांनी शिकवले असावे.

बाजाराने मोल दिले, तरी मान देणे हे समाजाचे आणि नोंद ठेवणाऱ्यांचे काम. फळीतील खेळाडूंसाठी अखिल-लीग पातळीवरील स्वतंत्र पुरस्कार जाहीर व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. या उशिराला एक गंभीर बाजूही आहे. ज्याच्या मेंदूच्या तपासणीतून वारंवारच्या आघातांनी होणारा मेंदूविकार व्यावसायिक फुटबॉलपटूंत प्रथम उघड झाला, तो पिट्सबर्गचा माइक वेबस्टर धावणारा नव्हता. तो फळीतला सेंटर होता. त्याच्यामागून धावणाऱ्या फ्रँको हॅरिसचे १२,१२० यार्ड नोंदवहीत आहेत. वेबस्टरने सोसलेल्या धडकांची मोजदाद कोठेही नाही. २००२ साली, वयाच्या पन्नाशीत तो गेला.

म्हणून यापुढे थोर धावणाऱ्यांची तुलना करताना किमान एवढे पथ्य पाळले जावे, की प्रत्येक मोठ्या आकड्यालगत त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच जणांची नावे लिहिली जावीत. त्याने धावणाऱ्याचे थोरपण उणावणार नाही. उलट ते नेमके कोठे सुरू होते हे कळेल.

खुद्द धावणाऱ्यांना हे नेहमीच ठाऊक होते. जिम ब्राउनला कँटन येथील फुटबॉलच्या मानमंदिरात १९७१ साली स्थान मिळाले. त्याच्यापुढे वाट काढणारा गार्ड जीन हिकरसन याला तेथे पोचण्यास २००७ साल उजाडले. तोवर स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले होते. सत्काराच्या दिवशी तो चाकांच्या खुर्चीत होता. ती खुर्ची व्यासपीठावर ढकलत नेली ती जिम ब्राउन, बॉबी मिचेल आणि लेरॉय केली या तिघांनी. एके काळी हे तिघेही त्याच्या मागून धावले होते आणि तिघांनाही तो मान त्याच्या आधीच मिळालेला होता.